चारशे अठरा, कॅनॉल स्ट्रीट

टेप सुरू झाली? बरं.
तुमच्या वहीत लिहिलंय ते खरंच असणार:
लाल वीट, तीन मजले, कमानीवर दगडी अननस.
अननस मी कधी पाहिला नाही, पोरा.
एकतीस वर्षं टपाल वाटलं ते खाली बघून.
बर्फ. पायऱ्या. कुत्री.

मी इमारती ओळखायचे दारातल्या फटीवरून.
चारशे बारा: पितळी झाकण, कडक स्प्रिंग,
हिवाळ्यात हातमोज्यासकट बोट चावायची.
चारशे चौदाला फटच नव्हती.
तिथं क्लाइनहेन्झची बेकरी,
पत्रं थेट पिठाच्या हातात.
वीजबिल भरायला जायचं तेही पांढरे ठसे घेऊन,
आणि पैसे चुकते नसले की
मला दालचिनीचा एक रोल जास्त मिळायचा,
जणू बिल मीच छापलं होतं.

पण तुम्ही चारशे अठराचं विचारताय.

ती मिसेस झ्वोलिन्स्कीची खाणावळ, वर खोल्या,
सगळे शेगड्यांच्या कारखान्यातले.
पेट्या नऊ, नावं चौदा.
आधी वाटलं, बाईंना हिशोब येत नाही.
हिशोब तर त्यांनाच येत होता:
दिवसपाळीचा माणूस सहाला बाहेर,
रातपाळीचा सातला आत,
आणि खाट तीच.
उशीचा खळगाही तोच.

तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला,
केंटकीचा बर्ल टॅकेट रात्रीचा,
एमेरिक वार्गो दिवसाचा.
भाडं अर्धं अर्धं, पेटी एक.
सहा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.
रविवारी? रविवारी एक मासे धरायला जायचा,
दुसरा चर्चला, आणि मग बहिणीकडे.
तरी एका डिसेंबरात पेटीत सापडले
लोकरीचे मोजे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
वर पेन्सिलीनं: खिडकीतून वारा येतो.
तिकीट नाही.
नियमानं मी ते जप्त करायला हवे होते.
नियमांनाही डिसेंबरात थंडी वाजते.
मी पेटी लावून टाकली.

मग कारखाना बंद पडला.
दुपारचा भोंगा झाला नाही,
तेव्हा अख्ख्या रस्त्याला कळेना जेवायचं कधी.
क्लाइनहेन्झनं पाव करपवले.
आणि त्या सोमवारी चारशे अठरामध्ये
पहिल्यांदाच सगळी माणसं घरी.
मी पत्रं घेऊन आत गेले तर जिन्यात
दोन माणसं उभी, एक वर, एक खाली,
एक दुसऱ्याच्या पायांकडे बघतोय.
मोजे.
कुणी काही बोललं नाही.
मग वार्गो म्हणाला, तू झोप, मी बसतो खुर्चीत.
टॅकेट म्हणाला, झोप कसली आता.

पुढचं मला ठाऊक नाही.
टॅकेटनं केंटकीचा पत्ता दिला, पत्रं वळवायला.
वार्गोनं काहीच दिला नाही.
आता तिथं गाड्या लागतात. अठ्ठावीस गाड्या.
पांढऱ्या पट्ट्या मी मोजल्यात,
सोळावी पट्टी म्हणजे बाईंचं स्वयंपाकघर,
फार तर एखादी पट्टी इकडेतिकडे.

फोटो आहे म्हणता? आणा बघू.
थांबा, चष्मा.
हं. अननस म्हणे! मला तर कणीस वाटतंय,
किंवा कबुतर बसलंय.
मागे काय लिहिलंय? 'तारीख अज्ञात'?
तारीख मलाही सांगता येणार नाही.
पण ही वरची खिडकी बघा, उघडी,
आणि बाहेर टाकलेलं ब्लँकेट.
बाई रोज त्या एका तासात टाकायच्या,
एकाची ऊब झटकायची
आणि दुसऱ्यासाठी गार करायची.
म्हणजे एक गेलाय, दुसरा आलेला नाही.

तारीख राहू द्या कोरी.
वेळ लिहा:
सकाळचे साडेसहा.