हिरवं बटण

अक्कलकोट रोड, शेड नंबर त्र्याहत्तर.
देनिझलीहून माग आलाय, लाकडी पेटीत, भुश्शासकट.
तिकडं म्हणे आपल्यासारखेच टॉवेल विणतात.
तिथं म्हातारा झाला, म्हणून इथं नवा म्हणून आला.
हिरव्या बटणावर एकच शब्द,
त्यातल्या एसला खाली बारीक शेपूट.

मालक म्हणाले, इंदुमती, तू बीए इंग्लिश, बघ की जरा.
इंग्लिशचा नि त्या शेपटीचा काय संबंध?
तरी मी मोबाईलवर ‘स्टार्ट’ घातलं
आणि एका शब्दापुढं तुर्कीची रांग लागली,
रेशनला लागते तशी, प्रत्येकाची पिशवी वेगळी.

बाश्लामाक. सुरू होणं.
बाश म्हणजे डोकं. तिकडं कामाला आधी डोकं येतं;
आपल्याकडं आधी नारळ फुटतो.

चालिश्तिर्माक. यंत्राला कामाला लावणं.
यात ‘चाल’ ऐकू येते, पण ती आपली नव्हे,
नातं काही नाही, नुसता तोंडावळा.

योला चिक्माक. वाटेला लागणं.
नागेशदादा भिवंडीला निघाला तेव्हा
चपला घालून, उंबरा ओलांडून
परत आत आला आणि तांब्याभर पाणी प्यायला.
त्यातलं निघणं नेमकं कोणतं,
तुर्कीतही दिलेलं नाही.

इर्किल्माक. दचकणं.

इथं मी अडले.
दचकणं या रांगेत कुणी उभं केलं?

तेवढ्यात व्हिडिओ कॉल लागला. पलीकडं जेव्देत उस्ता,
पांढऱ्या मिशा, हातात चहाचा चिमुकला पेला.
बटणाकडं बोट करून म्हणाला, “हायदी, बाश्ला!”
मल्लेशम फिटरनं पाना खाली टाकला:
“बसला म्हनतंय की बे! चालू व्हायच्या आधीच बसला?”
शेड हसली. उस्ताही हसला, काही न कळता.
मी सांगितलं, बाश्ला म्हणजे सुरू हो.
बटणावर आहे ते बाश्लात, म्हणजे सुरू कर.
फरक शेवटच्या एका त चा.
“मंग त कुनाचा? मालकाचा?”
मालक फोनमध्ये बघू लागले.

कांड्या भरणारी रत्नम्मा तेलुगूत पुटपुटली,
मोदलुपेट्टु, पिल्ला, मोदलुपेट्टु.
हा शब्द आईनं
पहिल्या पाटीवर माझं बोट धरून म्हटलेला.

आणि मग साखर पेठ आठवली.
घरात चार माग, वरच्या तुळईला माझी साडीची झोळी.
खटखटाटात मी झोपायचे, सगळी गल्ली झोपायची.
रात्री दोनला लाईट जायची
आणि सगळे माग एकदम गप्प.
त्या गप्प होण्यानं जाग यायची.
बाळं रडायला लागायची, कुत्री भुंकायला लागायची,
सत्यम्मा चिन्नम्मा काडेपेटी चाचपत विचारायची,
“कोण गेलं?”
कुणी गेलेलं नसायचं.
दचकल्यावर मात्र सगळं नव्यानं सुरू व्हायचं,
बोलणं, खोकणं, मागच्या भांडणाचं राहिलेलं वाक्य.
म्हणजे कोशवाल्याचं बरोबर होतं.
त्याच्याही गल्लीत कधी लाईट गेली असेल.

बटण शेवटी रत्नम्मानं दाबलं.
एकतीस वर्षं तिनं कांड्या भरल्या,
मागाला बोट लावायला तिला कुणी सांगितलं नव्हतं,
आजही नाही. जवळ होती, दाबलं.
पहिला हातभर टॉवेल वाकडा आला.
मल्लेशमनं तो कापून घाम पुसायला खांद्यावर टाकला.

संध्याकाळी मी पांढरी पट्टी चिकटवली,
मार्करनं ‘सुरू’ लिहिलं.
‘चालू’ लिहिणार होते, पण चालू म्हणजे आमच्याकडं
मालकाचा मेहुणा.

शुक्रवारपर्यंत तेलकट बोटांनी अक्षरं पुसली.
खालची शेपूटही गेली.
आता तिथं काहीच लिहिलेलं नाही.
अंधारातसुद्धा सगळे बरोबर तेच दाबतात.