हद्दीला पीळ

नारिनच्या जमीन-कचेरीत बुरुलकान
चौथ्यांदा तीच फाईल आत ढकलते.
दोनशे अकरा कुरणं निमूट आत गेली,
हे एकच उंबऱ्यात आडवं:
अवैध बहुभुज. बिंदू सत्तेचाळीसपाशी
हद्द स्वतःलाच छेदते.

पडद्यावर दिसतो
आपला चार, ४,
वरची दोन टोकं कुणी घाईनं जोडलेला.
खाली चिंचोळा फास, वर पसरट ओंजळ,
मधे तिढा.

यंत्राची अडचण रास्तच आहे.
रेघेच्या डाव्या हाताला आत, उजव्या हाताला बाहेर,
एवढंच त्याला कळतं.
तिढ्यापुढे रेघ हात बदलते
आणि आतलं गवत बाहेरचं होतं.

एक युक्ती आहे, सगळेच वापरतात:
आकृतीला शून्य मीटरची किनार लावायची.
शून्य, म्हणजे काहीच न करणं म्हणा ना.
ती बटण दाबते. हिरवी खूण. वैध.
सवय म्हणून क्षेत्रफळ बघते,
म्हणून कळतं:
खालचा फास गेला.
सतरा हेक्टर, हूं की चूं न करता.

ती पाऊल मागे घेते. फोन लावते.
गळ्यात यंत्र अडकवून
जुलैत हे कुरण घोडीवरून फिरले होते
सुयुमकुल, वय एकाहत्तर.

"सत्तेचाळीसपाशी काय केलंत?"
"कसले सत्तेचाळीस?"
"ओढा वळतो तिथं."
वारा. कुत्रं. मग हसणं.
"हां, तिथं! घोडी पुढं जाईना,
शिंगरू मागं राहिलेलं.
मग तिच्या कलानं घेतलं,
पल्याडचा काठ आधी, अल्याडचा मागून.
पोरी, क्रम चुकला असेल माझा,
गवत नाही चुकलं."

ती सत्तेचाळीस ते त्रेसष्ट
उलटे ओवते, मण्यांसारखे.
पीळ सुटतो. सतरा हेक्टर
आपल्या जागी येऊन बसतात.

अजून एक खोट: पहिला बिंदू आणि शेवटचा
यांत तीन पावलांची फट.
तंबूच्या दारात निघाले, तंबूच्या दारात उतरले,
पण तीन पावलं अलीकडेच, दमून.
ती पहिला बिंदू उचलते,
शेवटी पुन्हा ठेवते. कडं मिटतं.

फाईल आत जाते.
खिडकीबाहेर चार वाजताच अंधार, बर्फ.
दोनशे बारा कुरणं हिरव्या रेघांत.

शिंगरू सापडलं का,
ते विचारायचं राहूनच गेलं.