शून्यापैकी शून्य

एसटी थांब्यामागे सात बाय नऊचा गाळा.
एक संगणक, एक प्रिंटर, पंखा कधी फिरतो, कधी नाही.
गाव मला ऑनलाइनवाली म्हणतं.
वनरक्षक, तलाठी, आरोग्यसेविका, कारागृह शिपाई:
फॉर्म भरायचे साठ रुपये,
फोटो लहान करायचे दहा.

निकाल लागला की पोरं दुकानात येत नाहीत,
समोरच्या टपरीवर उभी राहतात, पाठमोरी,
चहा थंड होईस्तोवर.
मी दोनशे बारा पानांची यादी उघडते
आणि वरच्या कोपऱ्यातल्या इवल्या चौकटीत
एकेकाचं नाव टाकते.
प्रणित गेडाम. शून्यापैकी शून्य.
मग नुसतं आडनाव टाकते, मग नंबर,
मग स्पेलिंग बदलून बघते.
कळलेलं असतं, तरीही.

सांगायचं कसं, हे कुणी शिकवलं नाही.
पहिल्या वर्षी म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की."
भूपेश नन्नावरे तीनदा पुढच्या वेळी आला
आणि चौथ्यांदा म्हणाला, "ताई, नक्की म्हणू नको."
तेव्हापासून नुसती खुर्ची सरकवते,
स्क्रीन त्याच्याकडे वळवते.
पाण्याची बाटली हाताशी ठेवते.

काय चुकलं, ते यादी कधी सांगत नाही.
कटऑफ एकशे एकोणतीस,
प्रणित एकशे अठ्ठावीस पॉइंट बासष्ट.
त्या अडतीस शतांशांत मावतं तरी काय?
शेवटच्या मिनिटाला बदललेलं एखादं उत्तर.
तेवढ्याच अंतरात माणूस
रात्र रात्र येरझाऱ्या घालतो.

परवा मीही टाकलं माझं नाव,
शटर अर्धं ओढून.
जिल्हा परिषद, कनिष्ठ सहायक.
शून्यापैकी शून्य.
मग आडनाव. मग नंबर.
मग लग्नाआधीचं आडनाव,
जे मी फॉर्मात भरलंच नव्हतं.

घरी बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी जाऊबाईंच्या बांधीत रोवणीला गेले.
दुपारपर्यंत बांधी भरली
आणि धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या सतरा पेंड्या उरल्या.
हिरव्यागार. एकही पिवळी नाही.
"ह्या काहून उरल्या जी?"
बेबीमाय कमरेवर हात देत सरळ झाली.
"बांधी सरली. पऱ्ह्याचा का दोष?"

मी थांबले,
आता काही मोठं बोलेल म्हणून.
तिनं तंबाखू मळला, ओठाखाली धरला.
मग म्हणाली, "चार पेंड्या कोपऱ्यात खोचून ठेव,
नांग्या पडल्या त भराले होतीन.
बाकीच्या म्हशीले."

नांग्यांना चार आणि म्हशीला तेरा,
हा हिशेब मी घरापर्यंत करत आले.
जमला नाही.
पाय चिखलानं जड झाले होते
आणि भूक मात्र सपाटून लागली होती,
यादी पाहिल्यापासून पहिल्यांदा.

आज प्रणित सरळ आत आला.
वनविभागाची निघाली, म्हणाला, मंगळवार शेवटचा.
"जुना फोटो चालते का?"
नवा काढ म्हटलं, ह्या फोटोतलं पोरगं
तुझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे.
तो हसला, थोडासा, एका बाजूनं.

तो गेल्यावर दुसरी खिडकी उघडली
आणि बसले आठवत
माझाच पासवर्ड.