बैठक

कायतानने मानशीचं जुनं दार
होडीतून आणून अंगणात टाकलं, म्हणाला,
"साठ वर्षं खाडी अडवली ह्याने. तुला चालेल?"
माट्टीचं लाकूड, घाटावर ज्याला ऐन म्हणतात.
काळं, कालवांच्या खुणांनी
देवी येऊन गेल्यासारखं.
नखाने खरवडलं. नख तुटलं.
म्हटलं, चालेल.

बाबा पायरीवर बसून बघत होते.
चोडणात पुतू मेस्त म्हटलं की
लोकांना आधी त्यांचे पाय आठवतात.
जमिनीवर बसून, फळी आंगठ्यात धरून
पन्नास वर्षं रंधा मारला त्यांनी.
डाव्या आंगठ्याला नख नाही. पटाशीने नेलं,
मी चौथीत असताना, शिमग्याच्या आदल्या दिवशी.
रक्तावर भुसा दाबला
आणि मखराचा खांब पुरा करूनच उठले.

माझे गुडघे तसे नाहीत.
आणि उभं राहून काम करायचं
तर लाकूड धरायला दुसरे पाय हवेत.

तर चार पाय, चार चार इंच चौकोनी.
उंची कुठवर? हात सैल सोडले,
मनगटाच्या हाडाशी सुतळी धरून गाठ मारली.
ह्या घरात ओटा आईच्या उंचीचा,
खुंट्या बाबांच्या हाताच्या.
माझ्या मापाचं हे पहिलंच.

करवत चालली की खाजनाचा वास सुटायचा,
चिखलाचा, मिठाचा, कोळंबीचा.
तीन गंजके खिळे निघाले
आणि एका फटीतून पेराएवढा शंख,
आत अजून ओली वाळू.

भोकं पाडायला तीन दिवस लागले.
दहा घाव, मग दगड, मग परत दहा घाव.
बाबा बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी फक्त
माझी पटाशी उचलून उजेडात धरली
आणि जागच्या जागी ठेवली.
सकाळी तिने मनगटावरचे केस काढले.

वजन वरून येतं, हे कुणीही सांगेल.
पण रंध्याचा धक्का आडवा असतो,
दर वेळी त्याच बाजूने,
आणि ह्या लाकडाला ते माझ्याआधीपासून ठाऊक आहे.
तरी खालच्या आडव्या पट्ट्या मी जाडच ठेवल्या.
कुसू आरपार काढले, टोकाला चीर दिली,
फणसाच्या पाचरी ठोकल्या.
शेवटी शेवटी पाचर आवाज बदलते.
तो ऐकू आला की हात थांबवायचा.
माझा एक ठोका जास्त पडला.
उजव्या मागच्या पायाला केसाएवढी भेग आहे.
दिसते. राहू दे.

उभी केली तर डुगडुगली.
शेणाची जमीन, तिला कोण सपाट म्हणणार!
करवंटीचा तुकडा सरकवून सरकवून
कुठला पाय खोटं बोलतोय ते शोधलं,
मग बाकीचे तिघे थोडे तासले.

बाबा उठले. धोतर खोचलं,
कंबर लावली आणि रेडा ढकलावा तसं ढकललं.
पायाखालची जमीन त्यांची सरकली.
"हालना," म्हणाले,
आणि पायरीवर परत गेले.

वरची फळी अजून यायची आहे.
डिचोलीला गिरणीत कापून पडलीय,
फेरीचं इंजिन दोन दिवस बंद.
तोवर ही अशीच उभी, पाठीशिवाय,
चार पाय आणि मधून दिसणारं माडाचं बुंध.

काल दुपारी रंध्याच्या आवाजाने जाग आली.
बाबा बैठकीच्या आत, खालच्या पट्टीवर बसलेले,
गुडघे कानाशी.
शेजाऱ्यांच्या पाटाची फळी
एका बाजूने त्यांच्या बिननखी आंगठ्याने दाबलेली,
दुसऱ्या बाजूने माझ्या भेगेच्या पायाने.
सालपं त्यांच्या मांडीवर साचत होती.

मान वर न करता म्हणाले,
"बसका बरी केलीस.
इंचभर उंच झाली."