छापणाऱ्याची चूक

आई तंबाखूची पानं वळायची
आणि मी तिच्या टेबलाखाली बसून ऐकायचे.
पिनार देल रिओच्या त्या कारखान्यात
दीडशे माणसं, तीनशे हात,
आणि आवाज एकच:
उंच लाकडी मंचावर बसलेल्या
सेन्योर अनाक्लेतोंचा.

सकाळी वर्तमानपत्र.
साखरेचे भाव, कुणाचं तरी लग्न, कुठलंसं वादळ.
दुपारी कादंबरी.
दर शनिवारी पगारातलं एकेक नाणं
त्यांच्या टोपीत पडायचं,
आणि पुढची कादंबरी कुठली यावर मतदान.
दोन मावश्या त्यावरून वर्षभर बोलल्या नव्हत्या.

आईला अक्षर येत नव्हतं.
पण गलबतावर निघालेल्या दोघा भावांची चारशे पानं
तिला तोंडपाठ होती,
कुठलं वाक्य कितव्या सिगारला आलं
त्यासकट.
वाक्य आवडलं की सगळे
हातातलं चपटं पातं फळीवर आपटायचे,
टेबलाखाली माझ्या डोक्यावर
गारा पडल्यासारखं व्हायचं.

मला अक्षरं शिकवली सिगारच्या कड्यांनी.
सोनेरी कागदाच्या त्या कड्या
दहा बोटांत घालून मी हिंडायचे,
दहा शब्दांची मालकीण.
आमच्या भाषेत एका अक्षराच्या डोक्यावर
वळवळती रेघ असते.
मी म्हटलं, हे अक्षर सिगार ओढतंय.
सेन्योर अनाक्लेतो म्हणाले,
"ओढू दे. त्याचं वय झालंय."

त्यांचा आवाज बसला, ते घरी बसले,
जाताना ती कादंबरी मला देऊन गेले.
पाठीचा कणा निघालेली,
पानापानाला तंबाखूचा वास.
मी बोट ठेवून वाचत गेले
आणि दोनशे बाराव्या पानावर
धाकटा भाऊ तापाने मेला.

मेला?
कारखान्यात तर तो बरा झाला होता!
लिंबाचं सरबत पिऊन डोलकाठीवर चढला होता,
पाती किती वेळ वाजत होती,
मी स्वतः ऐकलं होतं.

समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं:
एउलालिया, तिसरी रांग.

माझ्या आईचं नाव.
त्याच फेब्रुवारीत
शेजारणीने आपला पाळणा
आमच्याकडून परत नेला होता.

रात्री आईला ते पान वाचून दाखवलं.
का दाखवलं, कुणास ठाऊक.
दहा वर्षांची होते, वाचता येत होतं,
एवढंच कारण असावं.
ती भाजी चिरत होती. थांबली नाही.
"छापणाऱ्याची चूक असेल," म्हणाली,
आणि सुरी एकदाच
पाटावर वाजवली.

समासातलं तिचं नाव
मी वाचलं नव्हतं.

अजूनही नवं पुस्तक हातात आलं
की मी आधी कडेची कोरी जागा बघते.