दाराला लावलेली वीट

यादी भिंतीवर आहे, प्लॅस्टिकच्या कातडीत,
खाली दोरीला बांधलेलं पेन
(पेनं इथून पळून जातात).
म्वांझाच्या सरकारी इस्पितळात, सहा खाटांच्या खोलीत
मी रात्रपाळीची सिस्टर, काबुला.
खिडकीतून सरोवर दिसत नाही,
वाळत घातलेल्या दागाचा वास मात्र आत येतो,
आणि त्यावरून मला कळतं वारा कुठून सुटलाय.

यादी आली तेव्हा डॉक्टर रुवेगोशोरा हसले होते.
"वीस वर्षं माणसं जगवतोय मी.
आता बाजाराला निघालेल्या बाईसारखं
लिहून नेऊ? मीठ, रॉकेल, साबण?"
बाजाराला निघालेली बाई साबण विसरत नाही, डॉक्टर,
हे मी मनात म्हटलं.
तेव्हा सगळं मनातच म्हणायची रीत होती.

अवघड काहीच नव्हतं तिच्यात.
हात धुतले का.
मानेतली नळी आज खरंच हवी आहे का.
गुंगीचं औषध सकाळी थांबवून पाहिलं का.
डोक्याकडची बाजू वर आहे का, तीस अंश.
आठवडाभरात सगळं तोंडपाठ झालं.
तोंडपाठ म्हणजे काय, ते नंतर कळलं:
जे तोंडात राहतं
आणि ज्याच्याकडे आपण पाठ फिरवतो.

चार नंबरला न्यामिझी होती, व्हेंटिलेटरवर.
गुंगीतसुद्धा तिची बोटं हलत,
मासळीतले खडे वेचावेत तशी.
तिच्या खाटेचा दांडा दोन वर्षांपूर्वी मोडलाय,
अर्ज गेलाय, अर्जाची आठवणही गेलीय.
म्हणून तीस अंश म्हणजे आमच्याकडे
डोक्याकडच्या पायांखाली चार विटा
आणि गादीखाली घडी घातलेलं ब्लँकेट.

सोमवारी मी खूण केली. मंगळवारी केली.
बुधवारी तर पेन आपण होऊन गेलं त्या चौकोनात,
संध्याकाळी गोठ्यात शिरणाऱ्या गाईसारखं.

गुरुवारी राऊंडला नवा नियम:
एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं.
डॉक्टर वाचत होते, पाढे म्हणावेत तसे, कंटाळून.
"तीस अंश?"
"हो," मी म्हणाले. डोळे कागदावर.
"नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

लुगेम्बे. फरशी पुसणारा.
नऊ वर्षांत त्या खोलीत त्याचा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला.
"दोन विटा नाहीत. सोमवारी पुसताना मीच काढल्या.
लावणार होतो, तेवढ्यात तुमचा अलार्म वाजला,
मला बाहेर जा म्हणालात.
राहून गेलं."

कोणी काही बोललं नाही. यंत्र तेवढं श्वास घेत होतं.
मग डॉक्टर खाली बसले, गुडघे कडकड वाजले,
आणि खाटेखाली डोकं घालून बघितलं.
"कुठे आहेत?"
एक दाराला लावली होती, वाऱ्याने आपटू नये म्हणून.
दुसरी ऑक्सिजनच्या नळकांड्याला टेकू.
लुगेम्बेने आणून दिल्या. खाट आम्ही तिघांनी उचलली.
डॉक्टर उठले, तळव्यांकडे पाहिलं, लाल धूळ.
"पहिल्यापासून वाचा," मला म्हणाले.
मी वाचलं: हात धुतले का.
"थांबा. धुवून येतो."

न्यामिझी एकोणिसाव्या दिवशी चालत गेली.
ती विटांमुळे जगली असं मी म्हणणार नाही.
त्याच आठवड्यात दोन नंबरचा पोरगा गेला,
सगळ्या खुणा करून. खऱ्या खुणा.
यादीला मरण कळत नाही.
तिला फक्त आपण कळतो,
तीन वाजता, पाय सुजलेले, डोळे मिटत आलेले.

त्या रात्री मी तिच्याखाली हाताने एक ओळ लिहिली:
लुगेम्बेला विचारलं का.

सकाळी तो बादली घेऊन आला, थांबला,
"हे काय नवीन लिहिलंय?" म्हणाला.
मी वाचून दाखवलं.
तो पुसत राहिला, सहा नंबरपर्यंत,
मग दारातून, वळून न बघता:
"पेनातली शाई संपत आलीय."