धग

परभणीच्या टेशन रोडवर नौशादभाईंनी
शेगडी उलटी करून दाखवली :
तुटली तार पीळ मारून जोडू नका ताई,
तिथंच पुन्हा जळती.
हात कोरडे. पायाखाली पाट.
भांडं सपाट बुडाचं, कॉइलएवढंच.

मी मान हलवली
आणि खोलीवर येऊन पोचट पातेलंच ठेवलं.
भात एका अंगाला कच्चा.

आता वरण उतू आलं की
आधी बटण, मग फडकं.
भात शिजायच्या जरा आधीच बंद करते.
लाली उतरते, कॉइल काळी पडते,
काळी म्हणजे गार नव्हे,
हे अंगठ्याला माहीत आहे.

काल मधेच लाईट गेली.
जिंतूर रोडपर्यंत अंधार.
खोलीत तेवढं एक लाल वेटोळं,
विझत चाललेलं.
झाकण मी उघडलं नाही.